जेवले का रे हे?

पडद्यावर कॅप्टनसाहेब तंबूत नकाशा पसरून उभे असत. बाहेर बर्फ किंवा वाळू, निर्मात्याला जे परवडलं असेल ते. भोवती जवान छाती काढून उभे, डोळ्यांत पाणी, सकाळपर्यंत ती टेकडी आपल्या ताब्यात आली पाहिजे. वाद्यांचा आवाज चढत चाललेला. इंदूरच्या मिल एरियातल्या त्या टॉकीजमध्ये पान चघळणारी तोंडंसुद्धा थांबलेली. आणि नेमक्या त्या क्षणी दाराजवळच्या खुर्चीवरून, परेडच्या मैदानावर तयार झालेला एक आवाज यायचा:

"वो सब ठीक हे भिया, पण जेवले का रे हे?"

हॉल कोसळायचा. हिंदीवाले, मराठीवाले, माळवी बोलणारे, सगळे एकदम. एवढ्या मराठीला इंदुरात दुभाषी लागत नाही. पडद्यावर कॅप्टनसाहेब मातृभूमीबद्दल बोलतच राहत आणि इकडे लोक खुर्च्यांचे हात बडवत.

युद्धपट पाहताना भूक लागणारा माणूस मी आयुष्यात तो एकच पाहिला. ते माझे घरमालक.

देपालपूरहून बी.कॉम. करायला मी इंदुरात आलो, तेव्हा परदेशीपुऱ्यात त्यांच्या माडीवरची खोली मला मिळाली. काका आधी फौजेत ड्रायव्हर होते. सुटून आल्यावर कापड मिलचा ट्रक चालवू लागले. बायको फार पूर्वीच गेलेली, मूलबाळ नाही. गल्ली त्यांना फौजीकाका म्हणे आणि ते मला देपालपूर म्हणत. फौजेत माणसाला त्याच्या गावानं हाक मारायची पद्धत असते, असं त्यांचं म्हणणं. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला आजही शंका आहे.

त्यांच्या घरात प्रत्येक वस्तूचं तोंड दाराकडे असे. सायकल आणली की उलटी फिरवून, पुढचं चाक रस्त्याकडे करून लावायची. चपला काढल्या की लगेच वळवून ठेवायच्या. पाहुण्यांच्या चपलासुद्धा ते स्वतः वाकून वळवत, त्यामुळे नव्या माणसाला वाटे की आपल्याला आल्या पावली परत जायला सांगताहेत. माझे एक मामा यावरून कायमचे रुसले. "गाडी आल्याबरोबर निघायच्या तोंडानं लावायची," काका म्हणत. "आल्यावर वळवू म्हणशील तर वळवायला टाइम मिळतोच असं नाही."

दुसरी खोड त्याहून भारी. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला जेवायला बोलावलं. मी पाटावर बसलो, त्यांनी ताट मांडलं आणि दिवा मालवला. मला वाटलं, लाइट गेली. मी म्हटलं, "काका, मेणबत्ती?"

"कशाला? तोंड काय चुकणार आहे का तुझं?"

अंधारात माझ्या ताटात गरम रोटी अचूक पडली. मग भाजी. मग पुन्हा रोटी. त्यांचा हात कुठून येतो आणि कुठं जातो ते मला कळेना, पण एक थेंब बाहेर सांडला नाही. मी हे मित्रांना सांगितलं तेव्हा सगळ्यांनी निदान केलं की म्हातारा विजेचं बिल वाचवतो. मीही बरेच दिवस तेच समजून होतो.

खरं कारण मला हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी समजलं. एकाहत्तरच्या लढाईत काका जैसलमेरच्या पुढं वाळवंटात होते. त्यांनी बंदूक चालवली नाही. त्यांच्याकडे गाडी होती. फौजेच्या स्वयंपाकघराला लंगर म्हणतात. त्या लंगरातून संध्याकाळी गरम रोट्या घ्यायच्या आणि पुढच्या चौक्यांवर पोहोचवायच्या. रोटीत बटाट्याची सुकी भाजी गुंडाळलेली, रोट्या घोंगडीत गुंडाळलेल्या. गाडीचे दिवे बंद, कारण दिवा दिसला की तोफ पडते. चौकीवर पोहोचलं की कुणी हाक मारायची नाही, काडी पेटवायची नाही. अंधारातून फक्त हात पुढं येत. काका एकेका हातावर रोटी ठेवत.

"चेहरा एकाचाही नाही पाहिला मी," ते म्हणाले होते. "पण हात? आजही शेकहँड केला तर ओळखीन."

आता अशा माणसाला युद्धपट कसा आवडावा? पण एकही चुकवत नसत. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीच्या आठवड्यात आमच्या टॉकीजवाल्याला देशभक्तीची उबळ यायची आणि मॅटिनीला जुने युद्धपट लागायचे. काका त्या दिवशी दाढी घोटून, मिशांना तेल लावून तयार. मी एकदा विचारलं, "सगळं खोटं असतं म्हणता, मग जाता कशाला?"

ते जरा लाजले. खरंच लाजले. म्हणाले, "कधीतरी एखाद्या कोपऱ्यात माझी गाडी दिसेल म्हणून."

ती कधी दिसली नाही. पडद्यावरचे जवान पत्रं वाचत, गाणी म्हणत, एकमेकांच्या बहिणींशी लग्नं ठरवत, पण जेवत नसत. लढाईला निघताना टिळा लावून घेत. पोटात काय आहे, हे कुणी विचारत नसे.

एका रविवारी काका मला महूच्या लष्करी छावणीत घेऊन गेले. त्यांना फौजी कँटीनमधून साबण आणि बूटपॉलिश आणायचं होतं. परतीची गाडी उशिरा होती. प्लॅटफॉर्मवर एका पलटणीचे जवान कुठंतरी निघालेले. काळ्या पत्र्याच्या ट्रंकांवर बसलेले, वळकट्यांना टेकून झोपलेले, एक जण नखं कापत होता, एक जण तेच वर्तमानपत्र उलटं करून परत वाचत होता. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आम्ही तासभर तिथं होतो आणि त्या तासाभरात फक्त एकदा सगळे हलले. चहा आला तेव्हा.

"बघून घे, देपालपूर," काका माझ्या कानाशी म्हणाले. "ही खरी फिल्म. हिचं तिकीट कुणी काढत नाही, कारण हिच्यात कुणी हलतच नाही."

मग स्वतःच पुढं गेले, आणि नखं कापणाऱ्या त्या पोराला विचारलं, "क्यों बेटा, खाना खाया?" तो आधी दचकला, मग उभा राहिला, मग म्हणाला, "जी, खाया." काकांना एवढा आनंद झाला की परत येताना गाडीत ते सगळ्यांना ते सांगत होते.

हा त्यांचा एकमेव प्रश्न. सकाळी दूधवाल्याला, पोस्टमनला, बोळातून जाणाऱ्या भंगारवाल्याला. नमस्काराच्या जागी "जेवलास का?" उत्तराची ते वाट पाहत नसत, कारण आमच्या गल्लीत ते उत्तर ठरलेलं होतं. मिलचा भोंगा वाजला की चुली पेटत आणि भोंगा वाजला की डबे उघडत.

मग भोंगा बंद झाला.

मला तो दिवस त्याच्या शांततेमुळे आठवतो. वर्तमानपत्रांत येत होतं की दिल्लीनं देशाची दारं उघडली आहेत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मात्र एक गेट लागलं ते लागलंच. कुणी भाषण केलं नाही, कुणी निरोप दिला नाही. पहिल्या पाळीचे लोक डबे घेऊन गेले आणि डबे तसेच घेऊन परत आले. साळखात्यातला, म्हणजे विणकामातला, एक जण मला म्हणाला, "भिया, माझा ताणा अर्धा भरलेला होता मागावर. तेवढा तरी पुरा करू द्यायचा." उभ्या सुताचा तो ताणा त्याला आयुष्यभर सलत राहिला. पुढं गल्लीत केबलच्या तारा आल्या, कोपऱ्यावर एसटीडीचं पिवळं खोकं आलं, नवनव्या बाटल्यांतली काळी पेयं आली. आणि लोक म्हणत राहिले, थकलेल्या पगाराची केस चालू आहे.

काकांना पेन्शन होती, त्यांचं अडलं नाही. पण त्यांच्यात एक बदल झाला, तो मला जरा उशिरा लक्षात आला. त्यांनी गल्लीत तो प्रश्न विचारणं सोडून दिलं. समोरून कुणी आलं की तोंड उघडत, मग मिटत, आणि म्हणत, "काय, बरं आहे ना?" त्या प्रश्नाला आता खरं उत्तर मिळण्याची भीती होती.

फक्त पडद्यावरच्या लोकांना ते विचारत राहिले. तेही, गल्ली म्हणे, पूर्वीपेक्षा मोठ्यानं.

त्या काळात मॅटिनीला गर्दी वाढली. दुपारी घरात बसून बायकोच्या नजरेला नजर कशी द्यायची? टॉकीजचा गेटकीपर मिलवाल्यांचाच भाऊबंद, तो अंधार झाला की दार जरा सैल सोडायचा. काकांनी मला पहिल्यांदा बरोबर नेलं ते तेव्हाच. त्यांच्या काखेत एक भलंमोठं पितळी कटोरदान होतं, रोट्या ठेवायचं झाकणाचं भांडं. मी म्हटलं, "काका, सिनेमाला एवढं? लग्नाची वरात आहे का?"

"मला भूक लागते तिथं," ते म्हणाले.

आम्ही दाराजवळ बसलो. नकाशा पसरला गेला, वाद्यं चढली, काकांनी आपला बाण सोडला, "पण जेवले का रे हे?" हॉल हसण्यानं दणाणला. आणि त्या दणदणाटात, माझ्या अगदी कानाशी असूनही मला जेमतेम ऐकू आलं, कटोरदानाचं झाकण उघडलं. ते माझ्या मांडीवर आलं. आत रोट्या, बटाट्याची भाजी गुंडाळलेल्या. मी एक उचलली आणि भांडं परत द्यायला वळलो, तर काकांनी कोपरानं मला ढोसलं. पुढं दे. मी उजवीकडे सरकवलं. अंधारातून एक हात आला, त्यानं भांडं घेतलं. मग आणखी एक हात. असं ते रांगेतून रांगेत गेलं. पडद्यावर तोफा धडाडत होत्या आणि त्यांच्या उजेडात मला नुसते हलणारे जबडे दिसत होते. इंटरव्हलच्या आधी रिकामं कटोरदान परत आमच्याकडे.

बाहेर उन्हात आल्यावर सगळे मिशा पुसत मोठमोठ्यानं सिनेमाबद्दल बोलत. हीरोची चाल कशी, व्हिलन कसा मेला. रोटीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, कधीच नाही. काका तर म्हणत, "आज काय जेवलो बाबा मी, ढेकर थांबत नाही."

तर तो पहिला बाण असा. दुसरा बाण मात्र निव्वळ त्यांचा स्वतःचा होता, आणि त्याच्यापायीच पुढची गोष्ट घडली.

युद्धपटात शेवटी एक कोवळा जवान मरतो. गोळी लागल्यावर त्याला आरामात बोलता येतं. मित्राच्या मांडीवर डोकं, आधी देशाबद्दल, मग आईबद्दल, मग मंगेतरबद्दल, मग परत देशाबद्दल. काकांना हे सहन होत नसे. ते उठून उभे राहत आणि ओरडत:

"अबे मर भी जा भिया! इत्ती देर में तो अपन गाडी लेके जैसलमेर पोंच जाएँ!"

हॉल पुन्हा कोसळायचा. मिलवाल्यांना हा बाण पहिल्यापेक्षाही आवडे. मलाही. मी तर कॉलेजात त्याची नक्कल करून चहा मिळवत असे.

एकदा गच्चीवर काका सायकलची चेन साफ करत होते, तेव्हा मी विचारलं, "काका, खरं कसं मरतात?"

ते चेन पुसत राहिले. मग म्हणाले, "जाताना गाडीत रोट्या. येताना गाडी रिकामी येत नसे, एवढं समजून घे."

त्यांनी हातातलं फडकं उलटं केलं.

"बोलत नाहीत. बोललाच कुणी तर पाणी मागतो. एक पोरगा होता. मागून रस्ताभर विचारत होता, उस्ताद, पहुँचे क्या? ड्रायव्हरला उस्ताद म्हणतात. मी म्हणायचो, बस बेटा, आलंच. थोड्या वेळानं परत, उस्ताद, पहुँचे क्या? बस, आलंच." त्यांनी चेनवर तेलाचा थेंब सोडला. "मग त्यानं विचारणं बंद केलं. मी मात्र म्हणत राहिलो. आलंच, आलंच. कँप येईपर्यंत."

त्यानंतर मी त्यांची नक्कल करणं सोडलं. ते मात्र ओरडत राहिले. पडद्यावरचा तो बोलका पोरगा पाहिला की मागे गाडीत गप्प झालेला पोरगा त्यांना सलत असावा.

आमच्या गल्लीत एक मावशी होत्या. नवरा साळखात्यातला, तो मिल बंद पडायच्या आधीच वारला होता. एकुलता मुलगा फौजेत भरती झाला आणि एकाहत्तरच्या लढाईत गेला. हे गल्लीला माहीत होतं, पण एवढ्या वर्षांनी ते कुणी मनात धरून वागत नसे. त्या लोणची-पापड करून विकत आणि क्वचित मॅटिनीला येत. कडेच्या खुर्चीवर एकट्या बसत आणि सिनेमा संपला की पदर सारखा करून निघून जात. त्या फक्त युद्धपटांनाच येतात, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

त्या वर्षी पंधरा ऑगस्टच्या आठवड्यात शो सुटला, काकांनी नेहमीप्रमाणे दोन्ही बाण मारून हॉल जिंकला होता, आणि ते सायकल स्टँडवरून सायकल काढत होते. कटोरदान माझ्या हातात. मावशी तिथं येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, थांबा जरा."

"बोला ना वहिनी."

"तुम्ही आज पण ओरडलात."

काका हसले. "आदत झाली हो. लोकांना मजा येते."

"मरताना माणूस बोलत नाही, असं तुमचं म्हणणं."

"अहो, हे फिल्मवाले काय पण दाखवतात. असं कुठं..."

"म्हणजे माझाही काही बोलला नसेल."

काकांचं हसू तोंडावर होतं तसंच राहिलं. त्याचं काय करावं ते त्यांना कळेना.

"मला काय कळत नाही का भाऊजी, की ते खोटं असतं?" मावशी अगदी साध्या आवाजात बोलत होत्या, बाजारात भाव विचारावा तशा. "आमचा कुठं एवढं बोलणारा होता? घरातून निघताना येतो म्हणायला सुद्धा लाजायचा. देशाबिशाबद्दल तर त्याच्या तोंडून मी एक शब्द ऐकला नाही. पण त्या सिनेमात ते पोरगं आईचं नाव घेतं ना, तेवढा वेळ मी त्याच्या जागी ह्याला बघते. तेवढ्यासाठी येते. आणि तेवढ्यातच तुम्ही म्हणता, मर लवकर."

स्टँडवर सायकली खडखडत होत्या. लोक हसत, काकांच्या पाठीवर थाप मारत जात होते. "क्या मारा काका आज!" काकांनी रस्त्याकडे तोंड करून धरलेली सायकल पुन्हा स्टँडला लावली. मी त्यांना निघायच्या तयारीतली गाडी परत लावताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"कुठं होता तो, वहिनी?"

"तिकडं बंगालकडं. नदीच्या पल्याड, म्हणे. आम्हा बायकांना काय, सरहद्द म्हणजे सगळी एकच."

काकांनी वाकून सायकलला कुलूप लावलं. मग मान वर करून म्हणाले, "मी तिकडंच होतो."

इतकी वर्षं ज्यांच्या तोंडून मी फक्त वाळू ऐकली होती, ते काका हे म्हणाले. मी कटोरदान या हातातून त्या हातात घेतलं.

"मी पुढच्या चौक्यांवर रोट्या पोचवायचो," ते म्हणाले. "अंधारात. चेहरे दिसत नसत, नुसते हात. सगळे पंजाबी, गढवाली, मद्रासी. बोलायची मनाई. एका रात्री मी हातावर रोटी ठेवली आणि अंधारातून मराठीत आवाज आला. हळूच. 'लोणचं नाही का हो?'"

मावशींचा हात पदराशी गेला.

"मी म्हटलं, फौजेत आलायस का सासुरवाडीला? तर हसला."

"लोणचं मागितलं?"

"लोणचंच."

"त्याला लागायचंच हो. वरणभातावर सुद्धा घ्यायचा. तिखट नाही चालायचं त्याला, गूळ घातलेलं." त्या पुढं सरकल्या. "हसला म्हणजे कसा हसला?"

काकांना एवढं मोठं ओझं उचलताना मी ट्रकवरही पाहिलं नव्हतं. "दबक्या आवाजात. बोलायची मनाई होती ना. पण बराच वेळ हसत होता. मी पुढच्या हाताकडे गेलो तरी हसतच होता."

"लाजायचा तेव्हा असाच हसायचा." मावशींनी डोळे पुसले नाहीत. डोळे कोरडेच होते. त्यांनी मान हलवली, एखादा हिशोब जुळावा तशी. "मरताना नसेल बोलला. पण जेवताना तर बोलला."

"बोलला, वहिनी."

"जेवला ना पोटभर?"

"दोन रोट्या जास्तीच्या घेतल्या."

त्या गेल्या. आम्ही सायकल हातात धरून चालत घरी निघालो. बऱ्याच वेळानं मी म्हटलं, "काका, तुम्ही तर जैसलमेरकडे..."

"चूप बे." आणखी थोडं चालल्यावर, माझ्याकडे न बघता, "लोणचं सगळ्याच पलटणी मागतात, देपालपूर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी कैरीच्या लोणच्याची बरणी घेऊन आल्या, गूळ घातलेल्या. काकांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि फळीवर ठेवली. त्या फळीवर ती महिनोन् महिने तशीच होती. रोज जेवताना दिवा मालवण्याआधी ते एकदा तिच्याकडे बघत. उघडली मात्र नाही. मी एकदा चोरून हात घातला तर म्हणाले, "तुझं नाही ते. माझंही नाही."

सव्वीस जानेवारीच्या आठवड्यात नवा युद्धपट लागला. मिल बंद पडून आता बराच काळ लोटला होता, हॉल खचाखच भरलेला. काकांनी त्या दिवशी पहाटेपासून रोट्या लाटल्या होत्या, आणि पहिल्यांदाच बरणी उघडली होती. प्रत्येक रोटीला आतून लोणच्याचा खार लावला, मग भाजी ठेवून गुंडाळली. मावशी त्या दिवशी कडेला बसल्या नाहीत. आमच्या रांगेत, काकांच्या शेजारी बसल्या.

नकाशा पसरला. वाद्यं चढली. काकांनी विचारलं, "पण जेवले का रे हे?" हॉल दणाणला, झाकण उघडलं. या वेळी कटोरदान आधी मावशींच्या हातात गेलं. त्यांनी एक रोटी घेतली, वास घेतला, आणि भांडं माझ्याकडे दिलं. पण मी ते पुढं सरकवायच्या आधीच समोर लढाई पेटली आणि मी बघत राहिलो. भांडं माझ्या मांडीवरच राहिलं.

मग तो कोवळा पोरगा पडला. मित्राच्या मांडीवर डोकं. ओठ थरथरले, सारंगी सुरू झाली. सगळ्या हॉलनं श्वास रोखला, दुसऱ्या बाणासाठी. मला जाणवत होतं, अंधारात शेकडो माना आमच्या दाराकडे वळल्या होत्या. गेल्या कित्येक महिन्यांत या लोकांना हसण्यासारखं फार काही मिळालं नव्हतं, आणि हे त्यांच्या हक्काचं होतं.

काका गप्प.

पोरगा देशाबद्दल बोलला. काका गप्प.

कुणीतरी मागून ओरडलं, "काका, सो गए क्या? इसको बोलो मरे जल्दी!" हशा पिकला. दुसरा ओरडला, "जैसलमेर निकल गया काका!" पुन्हा हशा, शिट्ट्या. मावशी समोर पडद्याकडे बघत बसल्या होत्या, हातात अर्धी रोटी. पोरगा आईचं नाव घ्यायला लागला होता आणि गोंगाटात ते ऐकू येत नव्हतं.

काका उठले. हॉल आनंदानं ओरडला, आला बाण. पण ते पडद्याकडे वळलेच नाहीत. लोकांकडे तोंड करून उभे राहिले. पडद्यावरचा उजेड त्यांच्या पाठीवर, त्यामुळे चेहरा कुणालाच दिसला नाही.

"बोलने दो उसको!"

तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. शिट्ट्या अर्ध्यात तुटल्या. आमच्या मागच्या रांगेत तो साळखात्यातला माणूस बसला होता, ज्याचा ताणा मागावर अर्धा राहिला होता. तो आपल्या शेजाऱ्याला म्हणाला, "हाँ भिया, बोलने दो." मग आणखी कुणीतरी म्हणालं. मग कुणीच काही बोललं नाही.

काका उभेच राहिले. त्यांच्यामागे तो पोरगा बोलत होता. आईबद्दल, अंगणातल्या झाडाबद्दल, अपुऱ्या राहिलेल्या कसल्या कसल्या गोष्टींबद्दल. सगळं खोटं, सगळं लिहिलेलं, वर सारंगी. आणि मिलमधून एका शब्दाविना घरी पाठवलेली ती सगळी माणसं कीर्तनाला बसल्यासारखी ऐकत होती. त्याला हवं तेवढं बोलू दिलं त्यांनी. त्याचं संपलं, डोळे मिटले, तेव्हाच काका खाली बसले.

माझ्या मांडीवरचं कटोरदान मी उचललं आणि उजवीकडे धरलं. अंधारातून एक हात आला. त्यानं आधी चाचपून पाहिलं, मग एक रोटी घेतली.

"लोणचं आहे वाटतं," कुणीतरी हळूच म्हणालं.

मावशींनी त्या बाजूला मान वळवली. कोण म्हणालं ते त्यांनी पाहिलं नाही, मीही नाही. मी भांडं पुढं सोडलं.